आत हात जातो का?



सध्या कुणाच्याही नव्या फ्लॅटच्या पूजेला गेलं की जेवायच्या आधी एक फेरी ठरलेली असते. घरची बाई आपल्याला स्वयंपाकघर दाखवायला नेते. तिथे एकही भांडं दिसत नाही. राखाडी किंवा पांढरी कपाटं, त्यांना ना मूठ ना कडी. बोटाने दाबलं की दार आपोआप उघडतं. ओट्यात बसवलेली काळ्या काचेची शेगडी, तिला बटण नाही, नुसत्या खुणा. आपण सगळ्या "वा, किती छान" म्हणतो आणि ते छान असतंही. पण परत येताना रिक्षात कुणीतरी हमखास विचारतंच, "अगं, हिचे डबे कुठे गेले?"

आज मी त्या डब्यांची बाजू घेऊन लिहिणार आहे. नवं काही आणूच नये असं माझं म्हणणं नाही. माझ्याकडे मिक्सर आहे, ओव्हन आहे, आणि पाट्या-वरवंट्यावर वाटण वाटायची मला मुळीच हौस नाही. पण रोज हाताळायची वस्तू घेताना ती कशी दिसते हे आपण आधी पाहायला लागलो. ती धुणार कोण, तिच्या आत हात जातो का, म्हाताऱ्या माणसाला ती उघडता येईल का, हे विचारणं मागे पडलं. आणि हे प्रश्न विचारले, तर भाईंदरच्या कुठल्यातरी कारखान्यात थप्प्यांनी तयार होणारा, कुठल्याही मोठ्या नावाचा नसलेला स्टीलचा डबा नामवंत डिझायनरच्या वस्तूला सहज हरवतो.

एक गाजलेलं उदाहरण सांगते. फिलिप स्टार्क नावाच्या फ्रेंच डिझायनरने आलेसी या इटालियन कंपनीसाठी लिंबू पिळायचं एक साधन केलं. ते १९९० साली बाजारात आलं. तीन लांबलचक पाय आणि वर खाचाखाचांचं डोकं. ओट्यावर उंच पायांचा कोळी उभा आहे असं वाटावं. अर्धं लिंबू त्या डोक्यावर दाबून फिरवायचं आणि खाली पेला ठेवायचा. बिया अडवायला जाळीच नाही, त्यामुळे रसाबरोबर बियाही पेल्यात. तरी ते जगभर खपलं, संग्रहालयात जाऊन बसलं. पुढे दहा वर्षांनी त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली, आणि तिच्यासोबत सूचना आली की हिच्यावर लिंबू पिळू नका, आंबटाने मुलामा खराब होईल! लिंबू पिळायचं साधन, आणि त्याला लिंबूच चालत नाही.

आता आपली लिंबू पिळणी आठवा. दोन दांड्या, मध्ये भोकांची वाटी. लिंबू ठेवलं, दांड्या दाबल्या, रस खाली, बिया वर. नळाखाली धरली की स्वच्छ, आणि कुठे काय अडकलंय ते उघड्यावर दिसतं. ती पहिल्यांदा कुणी केली हे तुम्हाला-मला माहीत नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही.

बरं, डिझाइनवाल्यांना हे कळत नाही असंही नाही. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतले नवरा-बायको त्यांच्या खुर्च्यांसाठी जगप्रसिद्ध होते. भारत सरकारच्या बोलावण्यावरून ते इथे आले, फिरले, आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल लिहून दिला. त्या अहवालातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यांत जास्त कौतुक वाटलं ते कशाचं, सांगा पाहू? तांब्याचं. म्हणजे लोट्याचं, आपल्या पूजेच्या ताटात असतो त्या साध्या तांब्याचं.

त्यांनी तांब्याला विचारायच्या प्रश्नांची एक यादीच दिली आहे. त्यात पाणी किती मावावं, उचलणारा हात बाईचा की पुरुषाचा, तो कमरेवर नेणार की डोक्यावर, भरलेला असताना तोल कसा आणि रिकामा असताना कसा, इथपासून सुरुवात होते. पुढे ओतताना धार कशी पडते, घासताना आत काय होतं, गरम पाणी असलं तर धरता येतो का, दुसऱ्या भांड्याला लागला तर आवाज कसा येतो, आणि शेवटी मोडीत घातला तर काय मिळेल, इथपर्यंत ते जातात. मोडीची किंमत! हे वाचून मला आपल्या आज्या आठवल्या. भांडं घेताना त्या वजन विचारायच्या, काठावरून बोट फिरवायच्या, टिचकी मारून आवाज ऐकायच्या. कुठलीही पदवी न घेता त्यांनी ईम्सची निम्मी यादी दुकानाच्या पायरीवरच पुरी केलेली असायची.

तांब्या कुणा एकाने योजलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी त्याला हळूहळू घडवलं, असं त्या दोघांचं म्हणणं होतं. माझ्या मते स्टीलचा डबा ही त्याच घराण्यातली पुढची पिढी. फरक इतकाच, की तांब्या तांबटाने हातोडीने ठोकून घडवला आणि डबा यंत्राने दाबून काढला. पत्र्याची गोल चकती साच्यात दाबतात, ती वाटीसारखी खोल होते, मग काठ वळवतात म्हणजे हात कापत नाही, आणि मग पॉलिश. बूड आणि भिंत एकाच पत्र्याची, म्हणून चांगल्या डब्याला आत सांधाच नसतो. कोपराही नसतो, कारण तो गोल. तोंड बुडाइतकंच रुंद, म्हणून घासणी बुडापर्यंत सरळ जाते. उन्हात पालथा घातला की कोरडा.

आपल्या घरांत याला फार महत्त्व आहे. पिठाची मर्यादा आपण पाळतो, पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. म्हणजे पिठाचा डबा वरचेवर पूर्ण रिकामा व्हायला हवा, धुवून वाळवायला हवा. माझ्याकडे एकाच मापाचे दोन डबे आहेत, एक वापरात आणि एक उन्हात. याउलट नव्या स्वयंपाकघरांत भिंतीला लावलेले धान्य-पिठाचे चौकोनी डिस्पेन्सर पाहा. वरून ओतायचं, खाली बटण दाबलं की मापाने पडतं. दिसायला फार सुरेख. पण त्याच्या चार कोपऱ्यांत आणि उतरत्या घशात जे पीठ चिकटून राहतं, ते किती दिवसांचं असतं? तिथे हात जात नाही. खोलायचं म्हटलं तर स्क्रूड्रायव्हर लागतो. पावसाळ्यात आत जाळी धरते आणि अळ्या होतात, आणि आपल्याला ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मग ते सगळं कुठे आणि कसं टाकायचं, हा जिवाला लागणारा प्रश्न.

मूठ नसलेल्या कपाटांचंही तेच. मूठ नको म्हणून ओट्याखाली आडवी खाच ठेवतात, दार त्या खाचेत बोट घालून ओढायचं. पोळ्या लाटताना उडणारं पीठ, साखरेचा कण, चहाचा थेंब, सगळं त्या खाचेत. मुंग्यांना आमंत्रणपत्रिका पाठवायची गरजच नाही. ओली ताटं बंद खणात, म्हणून आत दमट, म्हणून झुरळं. आणि मग सहा-सहा महिन्यांनी फवारणीवाला. सगळी भांडी बाहेर काढा, नाकाला पदर लावा, दुसऱ्या दिवशी झाडूने काय गोळा करायला लागतं ते तुम्ही पाहिलं असेल. मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच म्हणते, की भिंतीवर टांगलेली स्टीलची मांडणी आठवा. ताटं उभी, वाट्या पालथ्या, वारा आरपार. तिला फवारणी कधी लागली होती का? हिंसा आपल्या हातून होते की नाही, हे पुष्कळ वेळा आपल्या मनाइतकंच आपल्या ओट्याच्या खाचेवरही ठरतं. कपाट घेताना हे कुणी सांगत नाही.

आणि हा विचार आपल्याला नवा नाही. आपलं पाण्याचं गाळणं घ्या. शास्त्रात त्याचं माप सांगितलंय, ३६ अंगुळं लांब, २४ अंगुळं रुंद, जाड कापड, दुहेरी केलेलं. भांड्याच्या तोंडापेक्षा मोठं, म्हणजे कडेने न गाळलेलं पाणी आत जाणार नाही. आणि जिवाणी परत विहिरीत सोडायची ती बादली! तिच्या बुडाला बाहेरून कडी असते. बादली अलगद खाली सोडायची, पाण्याला टेकली की कडीच्या दोराने उलटी करायची, म्हणजे जीव उंचावरून आदळत नाहीत. बुडाला लावलेली ती एक कडी. ती दिसायला काहीच नाही, पण तिच्यात ज्याने विचार केला त्याने विहिरीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचासुद्धा विचार केला. वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, पुसून, जपून उचला-ठेवा, असं मुनींसाठी आदान-निक्षेपण समितीत सांगितलंय. आपण गृहस्थ, आपल्याला तेवढं जमणार नाही. पण बघून उचलायचं, तर वस्तू बघता तरी आली पाहिजे.

आता एक घरचीच गोष्ट. माझ्या मामेबहिणीच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. वय ७९. सांगलीचं घर बंद करून त्या मुलाकडे पुण्याला आल्या. सूर्योदय झाला की आपलं पाणी आपण गाळून, उकळून प्यायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. बहिणीने गेल्या वर्षी स्वयंपाकघर नवं केलं. गॅस काढून काचेची इंडक्शन शेगडी आली. आक्कांची बोटं कोरडी, सुरकुतलेली. त्या खुणांवर बोट ठेवलं तरी शेगडी ऐकेना. हात ओला केला तर पाण्याचा थेंब काचेवर पडून ती पीं-पीं करून बंद. त्यांचं पितळी पातेलं तर तिच्यावर चालणारच नव्हतं. (ही माहिती उपयोगी पडेल म्हणून सांगते: भांड्याच्या बुडाला चुंबक चांगला चिकटला तरच ते इंडक्शनवर तापतं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नाही, आणि आपल्या रोजच्या पुष्कळशा स्टीलच्या भांड्यांनाही चुंबक चिकटत नाही.)

आक्का कुणाला काही बोलल्या नाहीत. सुनेची झोपमोड नको, म्हणून ती साडेसातला उठेपर्यंत देवाचं नाव घेत बसायच्या. मी राहायला गेले तेव्हा विचारलं, "आक्का, सकाळचं पाणी झालं का?" तर म्हणाल्या, "मला आताशा सकाळी तहान लागत नाही गं."

माझी बहीण वाईट नाही हो. तिला कळलं तेव्हा तिचाच चेहरा उतरला. सासूच्या हाताचं काम वाचावं म्हणूनच तिने एवढा खर्च केला होता. ज्याने ते स्वयंपाकघर आखून दिलं, त्याने ओट्याची उंची सुनेला विचारून ठरवली होती. घरात सगळ्यांत आधी कोण उठतं, हे मात्र त्याने विचारलं नव्हतं. कोपऱ्यात साधी एका बर्नरची गॅसची शेगडी ठेवायची म्हटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, लाईन बिघडेल." बिघडली. शेगडी बसली. काळं गोल बटण, डावीकडे वळवलं की चालू, आंधळ्यालाही कळेल असं. आक्का आता सकाळी पाणी पितात.

म्हणजे कारखान्यात ढिगाने निघालेलं सगळंच चांगलं, असंही मी म्हणणार नाही. हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून काय काय लुटतो ते आठवा. दुसऱ्या महिन्यात तडा जाणाऱ्या प्लास्टिकच्या टोपल्या, वास न जाणारे डबे, पत्रा इतका पातळ की घासताना बोट कापेल अशा वाट्या. वस्तू स्वस्त झाली म्हणून आपण चारऐवजी चाळीस घेतल्या, हा परिग्रह डिझायनरने नाही वाढवला, आपणच वाढवला. बोहारीण यायची तेव्हा एका पातेल्यासाठी तिच्याशी अर्धा तास घासाघीस व्हायची, जरीची साडी द्यायची की नाही यावर घरात चर्चा व्हायची. त्या पातेल्याला घरात जागा होती, कारण ते येताना काहीतरी गेलेलं असायचं.

आणि नवं डिझाइन चांगलं असू शकतं, हेही सांगायलाच हवं. गंमत म्हणजे त्याच १९९० साली, तिकडे अमेरिकेत, ऑक्सो नावाच्या कंपनीने साल काढायचं एक सोलाणं बाजारात आणलं. त्याची गोष्ट अशी, की सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता, आणि बारीक लोखंडी दांडीचं सोलाणं धरताना त्यांचे हात दुखायचे. म्हणून जाड, मऊ, रबरासारखी मूठ केली. ओल्या हातातूनही सटकत नाही अशी. संधिवात असलेल्यांसाठी केलेली मूठ सगळ्यांनाच सोयीची वाटली. आपल्याकडे बटाटा नाही, पण दुधी, दोडका, कच्ची केळी सोलायची असतातच की. तसली जाड मुठीची सोलाणी आता आपल्या बाजारातही मिळतात, आणि मी माझ्या आईला एक घेऊन दिलंय. ते दिसायला काही विशेष नाही. काळी जाडजूड मूठ.

त्याच साली आलेल्या त्या लिंबाच्या कोळ्याशेजारी हे सोलाणं ठेवून पाहा. दोन्ही आधुनिक, दोन्ही डिझायनरांनीच केलेली. एकात बघणाऱ्याचा विचार आहे, दुसऱ्यात दुखणाऱ्या हाताचा. तेव्हा भांडण नव्या-जुन्याचं नाही, आणि माझा राग डिझाइन या शब्दावर तर नाहीच. कपाटवाल्याला आपण रंग विचारतो, काचेचा प्रकार विचारतो, हप्ते विचारतो. त्याच दमात विचारा: या खणाचं बूड बाहेर काढून धुता येतं का? खाच किती रुंद आहे, फडकं गुंडाळलेलं बोट आत जाईल का? वीज गेली, काच तडकली, तर सुटा भाग मिळतो की आख्खी वस्तू बदलायची? माझ्या कुकरची रिंग गेली तर कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरी मिळते. त्यांच्या दाबून उघडणाऱ्या दाराची स्प्रिंग कुठे मिळते?

हे सगळं आत्ता लिहायला एक निमित्त आहे. दशलक्षण पर्वाच्या सांगतेला आमच्या महिला मंडळातर्फे प्रत्येक घरी एक भेट जाते. यंदा दोन प्रस्ताव आलेत. एक आहे डिझायनर भेटपेटी: मखमली खोका, त्यात सोनेरी कडेच्या काचेच्या चार बरण्या, लाकडी झाकणं, अरुंद गळा. नमुना मी हातात घेऊन पाहिला. माझा हात गळ्यात मनगटापर्यंतही गेला नाही, लाकडी झाकण पाण्यात घालायचं नाही असं आत लिहिलंय, आणि खोक्याची किंमत बरणीहून कमी नसावी. दुसरा प्रस्ताव माझा आहे: जाड पत्र्याचे दोन स्टीलचे डबे, एकाच मापाचे, झाकण एकमेकांना बसेल असे, झाकणावर मंडळाचं नाव घातलेलं. त्याला काहीजणी "किती जुनाट" म्हणाल्या. एकीने तर विचारलं, "स्टीलचं आता कोण देतं?"

रविवारी देवळात बैठक आहे. मी दोन्ही नमुने पिठाने भरून नेणार आहे, आणि तिथल्याच नळावर धुवून दाखवणार आहे. पत्रा किती जाड असावा याबद्दल माझं आणि भांड्याच्या दुकानदाराचं अजून ठरत नाहीये. तो म्हणतो एवढा जड डबा आता कुणी मागत नाही. तुमच्याकडे रोजच्या पिठाला किती किलोचा डबा पुरतो, तेवढं मला शनिवारपर्यंत कळवा.